पंक्चरचं पान

मागच्या दिवाळीत मी मोबाईलवर कार्टमध्ये दोन वस्तू टाकल्या होत्या. भाच्यासाठी गाड्यांचं पुस्तक आणि दाजींसाठी रेडियमच्या पट्टीचा रोल. पुस्तकावर सूट चालू होती, ते लगेच मागवलं. रोल 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवला. ही गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतोय. पुढं जे लिहिणार आहे ते लहान पोरांशी खरं बोलावं की नाही याबद्दल आहे, आणि हा रोल मी शेवटापर्यंत झाकून ठेवला असता तर तुमच्याशीही तोच खेळ केल्यासारखं झालं असतं.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याजवळ. इंजिनिअरिंग झाल्यापासून मी खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. शुक्रवारी रात्री गावी, सोमवारी पहाटे परत. थोरली ताई भीमेपलीकडं, दौंड तालुक्यात दिलेली. मधे न्हावरा-चौफुला रस्ता. बहुतेक शनिवारी मी तिच्याकडंच असतो. दाजींची थोडी शेती आणि कर्जावर घेतलेला ट्रॅक्टर. सीझन सुरू झाला की ते दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला ऊस वाहतात. भाचा तेव्हा साडेतीन वर्षांचा होता.

पुस्तक इंग्रजी, जाड पुठ्ठ्याच्या पानांचं. प्रत्येक पानावर एक गाडी आणि गाडीला उचलता येणाऱ्या कागदी झडपा. बॉनेट उचललं की इंजिन. डिकी उघडली की सुटकेस आणि तिच्यावर बसलेलं कुत्रं. आगीच्या बंबाचं शटर वर केलं की पाइपाचं वेटोळं. एका पानावर चाक बोटानं गरागरा फिरवता येतं. आइस्क्रीमच्या गाडीच्या खिडकीत अस्वल. आणि शेवटून दुसऱ्या पानावर एक पिवळी गाडी पंक्चर होऊन उभी. तिच्या चाकाशेजारची झडप उचलली की खाली एक खारुताई जॅक लावून बसलेली, बाजूला स्टेपनी. भाच्यानं पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, 'दाराचं पुस्तक'.

मी पोटासाठी लोकांना बटणं दाबायला लावणाऱ्या गोष्टी बनवतो. बटण दाबलं की काहीतरी झालं पाहिजे, आणि ते दर वेळी थोडं वेगळं झालं तर माणूस परत दाबतो, एवढं आमच्या धंद्यातलं शहाणपण. या पुस्तकात दर वेळी तेच होतं. डिकीत कुत्रं आहे हे पोराला पन्नास वेळा माहीत असतं. तरी एकावन्नाव्या वेळी तो डिकी उघडतो. मला आधी वाटलं, लहान आहे, विसरत असेल. मग लक्षात आलं की झडप उचलताना तो झडपेकडं बघतच नाही, माझ्या तोंडाकडं बघतो. मी 'अय्या, कुत्रं!' म्हणालो की तो खूश. नाही म्हणालो की झडप बंद करून परत उघडतो, मी म्हणेपर्यंत. आजी पदराआड तोंड लपवून 'कुक' करते त्यातलाच हा प्रकार, फक्त आता पदर त्याच्या हातात आला होता. कुत्रं आहे का, याची तो खात्री करत नव्हता. मी आहे का, याची करत होता.

त्यामुळं मी ते पुस्तक गंभीरपणे घ्यायला लागलो. जरा वाचलं तर कळलं की झडपांची चित्रं मुळात पोरांसाठी नव्हतीच. १५३८ मध्ये स्ट्रासबुर्गला हाइनरिश फॉगटहेर नावाच्या माणसानं बसलेल्या बाईचं एक छापील चित्र काढलं होतं. तिच्या अंगावरचा कागद उचलला की आतले अवयव एकाखाली एक दिसत जात. माणसाच्या आत खरोखर काय असतं ते दाखवायला झडप होती. पोरांच्या बाजूला ती नंतर आली. एकोणिसाव्या शतकात म्युनिकच्या लोथार मेगेनडॉर्फरनं हलत्या चित्रांची पुस्तकं काढली. १९८० मध्ये एरिक हिल या इंग्रज चित्रकाराचं, हरवलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला घरभर शोधण्याचं पुस्तक आलं. हिल जाहिरातीचं एक पत्रक करत होता, त्यात उचलायची झडप होती, आणि त्याचा लहानगा मुलगा ती परत परत उचलून बघत बसला, तिथून त्याला हे सुचलं. त्या पुस्तकात पलंगाखाली मगर आहे. ती चावत नाही, पिल्लू इथं नाही एवढंच सांगते. साडेचारशे वर्षांच्या आत झडपेखालचं काळीज गेलं आणि न चावणारी मगर आली. मी तक्रार करत नाही. साडेतीन वर्षांच्या पोराला मगरच बरी.

आमच्या भागातल्या पोराला गाड्या पुस्तकातून शिकवायची खरं तर गरज नाही. रांजणगावच्या एमआयडीसीत जीप आणि टाटाच्या गाड्या बनतात. त्या वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर नगर रस्त्यानं जातात, त्यांना भाचा 'गाड्या खाल्लेली गाडी' म्हणतो. शिवाय एसटी, छोटा हत्ती, कंटेनर, आणि दिवाळीनंतर पाच महिने उसाच्या ट्रॉल्या. ट्रॉली येताना दिसायच्या आधी तिच्यावरच्या स्पीकरचं गाणं ऐकू येतं आणि कुणाची ट्रॉली ते गाण्यावरून कळतं. पुस्तकात ट्रॅक्टर होता, पण एका लाल कोठीसमोर उभा, मागं काही नसलेला. भाच्यानं त्याच्यामागं उसाच्या पाचटाची एक काडी चिकटपट्टीनं लावून टाकली. तेव्हापासून पुस्तक नीट मिटत नाही.

दाजींनी ते पुस्तक एकदाच हातात घेतलं होतं. पानं उलटून म्हणाले, "ह्यात डायवर कुठंय? सगळी जनावरंच गाडी चालवत्यात." मग हसून म्हणाले, "म्हणूनच कुठं ॲक्सिडेंट नाय."

हे वाक्य मला पुढं बऱ्याचदा आठवलं. पोरांच्या गाड्यांच्या पुस्तकात टक्कर अजिबात नसते असं नाही. रिचर्ड स्कॅरीचं १९७४ चं प्रसिद्ध पुस्तक आहे, त्यात गाड्या एकमेकांवर आपटतात, माल रस्त्यावर सांडतो, पण कुणाला खरचटतही नाही. गाडी मोडते, माणूस मोडत नाही. पंक्चर ही तर पोरांच्या पुस्तकातली सगळ्यात मोठी आपत्ती. ती पुढच्या झडपेखाली मिटते.

जानेवारीतली गोष्ट. कारखाना जोरात चालू होता. शनिवारी मी ताईकडं मुक्कामी होतो. दाजी दोन्ही ट्रॉल्या भरून रात्री निघाले आणि वाटेत मागच्या ट्रॉलीचं टायर बसलं. साइडपट्टी खचलेली, त्यामुळं ट्रॉली अर्धी डांबरावरच उभी राहिली. दाजींनी मागं दगड लावले, उसाचं वाढं टाकलं आणि जॅक लावायला खाली बसले. ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर होते, पण जुने, चिखलानं झाकलेले. मागून एक मोटारसायकल आली. एमआयडीसीतली पाळी संपवून घरी निघालेला पोरगा होता, माझ्याच वयाचा. दाजींनी आणि एका पिकअपवाल्यानं त्याला दवाखान्यात नेलं. तो वाटेतच गेला.

रात्रभर मी आणि दाजींचे भाऊ ठाण्यात होतो. गुन्हा दाखल झाला. सकाळी मी घरी आलो तेव्हा भाचा नुकताच उठला होता. "पप्पा कुठंत?" त्यानं ताईला विचारलं. ताईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "पप्पांची गाडी पंक्चर झालीय."

तो उठला, पुस्तक घेऊन आला, पिवळ्या गाडीचं पान काढलं आणि झडप उचलून माझ्या तोंडाकडं बघितलं.

"अशी?"

"अशीच."

"मग स्टेपनी लावली की येत्याल."

"हां."

दाजी संध्याकाळी जामिनावर घरी आले. ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या मात्र ठाण्याच्या आवारात राहिल्या, तीन आठवडे. भाचा रोज रिकाम्या जागेवर जाऊन उभा राहायचा आणि विचारायचा, पंक्चर अजून निघालं नाय का? ताई फोनवर मला हे सांगायची. एकदा म्हणाली, "त्या खारीला शिव्या द्यायला लागलाय, नुसती बसलीय म्हणून." आम्ही दोघं हसलो आणि मग कुणीच काही बोललं नाही.

माझ्या वाक्यात खोटा शब्द एकही नव्हता. गाडी पंक्चर झालीच होती. यामुळं मला काही दिवस बरंही वाटलं. मग धर्मराज आठवला. द्रोणाचार्यांना त्यानं अश्वत्थामा मेला एवढं मोठ्यानं सांगितलं आणि हत्तीचा उल्लेख पुटपुटला. तोवर त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वरून चालायचा, तो त्या क्षणी खाली टेकला. लहानपणी मला ही शिक्षा फारच किरकोळ वाटायची. एवढा मोठा घात आणि शिक्षा काय, तर चाकं जमिनीला लागली! (आमच्या रस्त्यावर चार बोटं वरून चालणारी गाडी असती तर निदान खड्डे चुकले असते.) आता वाटतं की ती शिक्षा नव्हतीच, नोंद होती. मी रथात बसणारा कधीच नव्हतो. पण भाचा झडप उचलून माझ्या तोंडाकडं बघायचा तेव्हा त्याच्यापुरता मी बहुतेक चार बोटं वर होतो. त्या पुस्तकात इतके दिवस मी जे जे म्हटलं ते झडपेखाली निघालं होतं. माझं खोटं पचलं ते त्या साठलेल्या भरवशावर.

कांटचा १७९७ चा एक निबंध आहे. दारात खुनी येऊन विचारतोय, तुझा मित्र घरात आहे का, तरीही खोटं बोलायचा हक्क नाही, असं तो त्यात म्हणतो. वाचायला भारी वाटतं, पण कांटला पोरं नव्हती. माझा स्वतःचा कल सिसेला बोकच्या बाजूला आहे. तिचं खोटं बोलण्यावरचं पुस्तक १९७८ चं. दुसऱ्याच्या भल्यासाठी म्हणून जे खोटं बोललं जातं त्याचा ती बारकाईनं विचार करते, आणि एक कसोटी सुचवते, की हे खोटं चार समंजस माणसांपुढं उघडपणे मांडून त्याचं समर्थन करता येईल का ते बघा. मी मनातल्या मनात गावच्या पारावर जाऊन मांडून बघितलं. साडेतीन वर्षांचं पोर, बाप ठाण्यात, मी म्हणालो पंक्चर झालंय. पारावरचे सगळे माना डोलावतात. बरोबर केलंस बाबा, एवढ्याशा पोराला काय सांगणार? पास.

मग मी तेच परत मांडलं, या वेळी रोलसकट. दाजींनी दिवाळीच्या आधी सांगितलं होतं, ट्रॉलीला मागं लावायला चांगलं रेडियम बघ, केडगावात मिळतंय ते दोन महिन्यांत निघतंय. मी म्हणालो होतो, ऑनलाइन मागवतो, काळजी करू नका. त्यांनी नंतर एकदा विचारलं, मी येईल म्हणालो. म्हणजे जेव्हा मी पोराला पंक्चरचं पान दाखवत होतो तेव्हा मी त्याला वाचवत होतो हे खरं आहे, आणि मी स्वतःला वाचवत होतो हेही खरं आहे. पारावर हे सांगायला माझी जीभ उचलेना. नवा रोल लावलेला असता तर तो पोरगा वाचला असता असं मी म्हणू शकत नाही. वाचला नसता असंही म्हणू शकत नाही.

आपल्याकडं पोराला पहिलं खोटं काऊच्या नावानं सांगतात. मोबाईल लपवला की काऊनं नेला, बिस्कीट संपलं की काऊनं नेलं. मग बागुलबुवा. आमच्या तालुक्यात मात्र बागुलबुवाची गरज पडत नाही, कारण बिबट्या खरंच येतो. उसात बिबट्याची पिल्लं सापडतात, वनखात्याचे पिंजरे लागतात, माणसं आणि पोरं दगावलेली आहेत. त्यामुळं दिवस मावळला की अंगणाबाहेर जायचं नाही, उसाच्या कडेला वाकून बसायचं नाही, हे आम्ही तीन वर्षांच्या पोरालाही सरळ सांगतो. बिबट्या काय करतो तेही सांगतो. कुणाला त्यात क्रूर वाटत नाही. म्हणजे मरणाची गोष्ट पोराला झेपत नाही हे आपलं म्हणणं तितकंसं खरं नाही. जिथं दोष जनावराचा असतो तिथं आपण बोलतो. दोष घरातल्या माणसापर्यंत येतो तिथं पोर एकदम लहान होतं.

फेब्रुवारीत ट्रॅक्टर सुटून आला. त्यानंतरच्या शनिवारी मी गेलो होतो. संध्याकाळी लाईट गेलेली, दाजी ओसरीवर बसलेले. भाचा पुस्तक घेऊन माझ्याकडं आला, पंक्चरचं पान काढलं, झडप उचलली आणि म्हणाला, "ह्यात माणूस कुठंय?"

"कुठला माणूस?"

"मेलेला."

अंगणवाडीत एका मोठ्या पोरानं त्याला सांगितलं होतं, तुझ्या पप्पानं माणूस मारला. हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच दिसलं की त्यानं झडप उचलून धरलीय आणि माझ्या तोंडाकडं बघतोय, आणि माझ्या तोंडावर काय असायला हवं ते मला ठरवता येत नाही.

दाजी उठून आमच्याजवळ खाली येऊन बसले. पुस्तक मांडीवर घेतलं. झडपेला हात लावला नाही. पिवळ्या गाडीच्या मागं रस्त्याचा जो रिकामा तुकडा होता तिथं बोट ठेवलं.

"हितून आला त्यो. अंधार व्हता. मला त्यो दिसला नाय, त्याला ट्रॉली दिसली नाय."

"मग?"

"मग धडाकला. लई लागलं त्याला. आम्ही दवाखान्यात नेला, पण वाचला नाय."

"तुम्ही मारला?"

दाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी मारला नाय. पण ट्रॉलीला मागं लाल लावायचं ऱ्हायलं व्हतं. ते माझं चुकलं."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणालो, "लाल मी आणणार होतो. मी आणलं नाही." ताई उंबऱ्यात कंदील घेऊन उभी होती. तिला हे तोपर्यंत माहीत नव्हतं.

भाच्यानं आम्हा दोघांकडं बघितलं. मग झडप मिटली, परत उघडली. "खारुताईला मागचं दिसतंय का?"

"नाय," दाजी म्हणाले. "ती खाली बघतीय."

एवढंच झालं. तो रडला वगैरे नाही. बंबाचं पान काढून पाइप बघत बसला. मला वाटलं, झालं, सगळं नीट पार पडलं. पोरांना आपण उगाच कमी समजतो वगैरे विचार मी त्या रात्री बाईकवरून गावी जाताना केले. हा लेख मी तेव्हा लिहिला असता तर तो इथंच संपला असता, आणि तुम्ही तो आवडला म्हणून पुढं पाठवलाही असता.

ताईनं दुसऱ्या आठवड्यात फोनवर मला सोलून काढलं. "तुम्ही दोघांनी मन मोकळं करून घेतलं. रात्री दोनला उठून 'लाल लावलं का, लाल लावलं का' म्हणत माझ्या गळ्यात कोण पडतं? हे असत्यात ट्रॅक्टरवर. तू सोमवारी पुण्याला जातोस. मी हाय हितं." मी म्हणालो, पण त्यानं विचारलंच होतं ना. ती म्हणाली, "विचारलं होतं तर सांगायचं. पण सांगून उठून जायचं नाय."

मी त्यावर खूप उलटसुलट विचार केला. ती म्हणत होती ते 'खोटं बोलायला हवं होतं' असं नव्हतं. मला आधी तसंच ऐकू आलं, कारण मी खरं की खोटं एवढ्याच दोन खान्यांत अडकलो होतो. पंक्चरवालं वाक्य मी काही अंशी स्वतःसाठी बोललो होतो. पण मग रोलवालं वाक्यही मी काही अंशी स्वतःसाठीच बोललो होतो, छातीवरचा दगड उतरवायला. दोन्ही वेळा समोर तेच पोरगं. दोन्ही वेळा ते माझ्या तोंडाकडं बघत होतं आणि मी माझ्याकडं. ताईचं म्हणणं वेगळ्या जागेवरून होतं. पोराला काय सांगितलं याच्याइतकंच, सांगणारा त्यानंतर रात्री दोनला कुठं असतो, हे तिला महत्त्वाचं होतं. कांटला, बोकला आणि मला, तिघांनाही हे सुचलं नव्हतं. आम्ही वाक्याचा विचार करत होतो. वाक्य बोलून झाल्यावर ते कुणाच्या कुशीत झोपतं याचा नाही.

धर्मराजाचंही बघा. त्याच्या अर्धवट वाक्यानंतर द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवलं आणि ते मारले गेले. वाक्य आणि त्याचा परिणाम यांच्यामधल्या वेळेत धर्मराज त्यांच्याजवळ नव्हता. असूही शकत नव्हता, तो समोरच्या बाजूचा होता. पण मी कुणाच्या समोरच्या बाजूचा होतो?

मॅनेजरला सांगून मी पुढचा आठवडा ताईच्या घरून काम केलं. नेटवर्कसाठी टाकीवर चढून कॉल घेतले, त्यात बैलाचा आवाज आला म्हणून अख्खी टीम हसली. रात्री भाच्याशेजारी झोपलो. तीन रात्री तो शांत झोपला, चौथ्या रात्री उठला. रडत नव्हता. अंधारात बसून होता. म्हणाला, "त्या माणसाच्या घरी पोरगं हाय का?"

हा प्रश्न मी गेले दोन महिने टाळत होतो. दाजी तिथं जाऊन आले होते. दशक्रियेला जायचं त्यांच्या मनात होतं, लोकांनी नको म्हणून अडवलं. नंतर एका वडीलधाऱ्या माणसाला घेऊन ते गेले, ओट्यावर बसले. त्या घरच्या म्हाताऱ्यानं पाणी दिलं. कुणी काही बोललं नाही आणि ते उठून आले. तिथून आल्यावर त्यांनी फक्त एवढंच सांगितलं होतं की पोरगी लहान आहे, दीड वर्षाची, आणि बाहेर कुठल्याही मोटारसायकलचा आवाज आला की दाराकडं पळते.

"आहे," मी म्हणालो. "मुलगी आहे. लहान आहे, तुझ्यापेक्षा."

"तिला म्हाईतीय का?"

"अजून कळत नाही तिला."

तो विचार करत होता. मला वाटलं आता काहीतरी मोठं विचारेल. "तिच्याकडं दाराचं पुस्तक हाय?"

"नसेल बहुतेक."

"माझं नाय द्यायचं," तो घाईनं म्हणाला. "तिला दुसरं आण."

आणि कूस बदलून झोपला.

त्या घरात तिला काय सांगत असतील याचा मी नंतर बराच वेळ विचार करत पडलो. पप्पा कामावर गेलेत. पप्पा देवाघरी गेलेत. सांगणारी माणसं तिच्याजवळच आहेत, रात्री दोनलाही. त्यांच्या वाक्यावर मला काही म्हणायचा अधिकार नाही. पण कधीतरी ती मोठी होईल आणि पप्पा कशानं गेले ते विचारेल, आणि त्या उत्तरात माझे दाजी असतील, अर्धी डांबरावर उभी राहिलेली ट्रॉली असेल. कार्टमधला रोल त्यात नसेल, कारण तो त्यांना माहीत नाही. तो त्यांना सांगायला हवा का? दाजी म्हणतात, नको, त्यांच्या हातात आणखी एक दगड कशाला द्यायचा. ताई म्हणते, आधी जाऊन ये, मग बघ. मी अजून गेलेलो नाही.

रोल मात्र आला. लाल आणि पांढरा, पन्नास मीटर. दाजींनी दोन्ही ट्रॉल्यांना मागं आणि कडेनं पट्ट्या मारल्या, शेजाऱ्यांच्या ट्रॉलीलाही मारल्या, आणि आता रोज ट्रॉली भरायच्या आधी ओल्या फडक्यानं पुसायचं काम भाच्याकडं आहे. हात पोचतो तेवढंच पुसतो, वरचं दाजी पुसतात. उरलेल्या तुकड्यांतून त्यानं पुस्तकातल्या प्रत्येक गाडीच्या मागं लाल लावलंय. बंबाला, गाड्या खाल्लेल्या गाडीला, पाचटाच्या काडीला. पिवळ्या गाडीला तीन. लाईट गेली आणि मोबाईलची बॅटरी पुस्तकावर पडली की आइस्क्रीमवाल्या अस्वलाच्या गाडीचं बूड लखलखतं आणि तो म्हणतो, आता दिसतंय.

दुसरं पुस्तक मी कार्टमध्ये टाकलंय, तेच. ऑर्डर करायला गेलो की दर वेळी पंक्चरचं पान आठवतं. प्राण्यांचं एक आहे, झडपांचंच, तेही टाकून ठेवलंय. पत्त्याच्या खान्यात दाजींनी सांगितलेलं गावाचं नाव भरलंय, पुढचा रकाना रिकामा आहे. येत्या शनिवारी ताई माझ्याबरोबर येते म्हणालीय. पुस्तक घेऊन जायचं की मोकळ्या हातानं, ते अजून ठरत नाही.